माझ्या नावचं मागणं

त्या मंगळवारी प्रार्थनेत आईंनी माझं नाव घेतलं नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजरबाई. आणि प्रार्थना म्हणजे आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला, जेवायच्या आधी, डायनिंग टेबलाशी बसून त्या करतात ती. लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली, तिचा क्रम काही बदललेला नाही. आधी दिवस नीट पार पडल्याबद्दल आभार, मग ताटातल्या अन्नाबद्दल आभार, मग चर्चमधली आजारी माणसं नावागावासकट, मग नगरला दिलेली माझी नणंद ललिता आणि तिचा दमा, मग राकेश, म्हणजे माझा नवरा, आणि हिंजवडीच्या रस्त्यावरची त्याची मोटारसायकल, आणि मग मी. माझ्यासाठी एकच वाक्य असतं. 'देवबापा, पूर्णिमाच्या पदरात लेकरू घाल.' त्यानंतर देश, राज्यकर्ते, आमेन. त्या दिवशी राकेशची मोटारसायकल सुखरूप घरी पोचली, आई जरा थांबल्या आणि एकदम राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे म्हणाल्या. मी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. राकेशनं डोळे उघडले, आमेन म्हटलं आणि लोणचं मागितलं. त्याच्या काही लक्षातच आलं नाही.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ह्या एका वाक्यानं मला किती छळलं ते माझं मला माहीत. पहिल्या वर्षी ते गोड वाटायचं, मी लाजायचे वगैरे. दुसऱ्या वर्षी मी ताटाकडे बघायला लागले. चौथ्या वर्षापासून ते वाक्य जवळ आलं की टेबलाखाली माझ्या पायांची बोटं आपोआप आवळली जायची, आणि ते होऊन गेलं की सुटायची. घरात आम्ही तिघंच असताना एक वेळ ठीक. पण ह्या लोकांत पद्धत अशी की पाहुणा आला, चहा झाला, तरी प्रार्थनेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. निरोपाचे सलाम करून झाले, पिशव्या उचलून झाल्या, की कुणीतरी म्हणणारच, 'चला, दोन शब्द प्रार्थना करून निघू.' मग सगळे जागच्या जागी उभे, माना खाली, आणि त्या दोन शब्दांत माझं पोट यायचंच. चर्चच्या भगिनी मंडळातल्या बायका तर माझ्या डोक्यावर हात ठेवून मागायच्या. त्यांतल्या एका बाईंनी डॉक्टरांचं नाव, क्लिनिकचा पत्ता, इंजेक्शनची तारीख, सगळं देवाला सांगितलं; त्याच्याकडची फाईल हरवली असावी. तोंडावर जे बोलता येत नाही ते ह्या घरात देवाला सांगतात, आणि ज्याच्याबद्दल असेल त्यानं शेजारी बसून निमूट ऐकायचं. 'देवबापा, राकेशला वेळेवर घरी यायची सवय लाव.' 'देवबापा, उगाच जळणारे दिवे बंद करायची आठवण आम्हा सर्वांना राहो.' सर्वांना म्हणजे मला.

मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. हट्ट म्हणून नव्हे, माझ्या घरी ती सवयच नव्हती. माझे वडील सीताराम, आमचे आण्णा, पोस्टात होते, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमच्या येरवड्याच्या घरात संध्याकाळी त्रिशरण-पंचशील व्हायचं. त्यात मी काय करणार नाही ते म्हणायचं असतं. मला काय पाहिजे ते कुणाला सांगायचं नसतं, कारण सांगायला तिथे कुणी बसलेलं नाही. राकेश आणि मी कॉम्प्युटरच्या क्लासला भेटलो, आणि मी घरी सांगितलं तेव्हा आण्णांना माणूस पटला, पण चर्चचं ऐकून ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. 'मुलगा चांगला आहे,' ते म्हणाले. 'पण बाई, मागून मिळत असतं तर आपल्या लोकांनी काय कमी मागितलं होतं का?' सासरी मला कुणी धर्म बदल म्हटलं नाही, हेही सांगायला पाहिजे. लग्नानंतर महिन्याभरात चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि सुनबाईंच्या बाप्तिस्म्याचं काय म्हणून विचारायला लागले, तर आई म्हणाल्या, 'आधी तिला भाकरी तर थापता येऊ द्या.' तो विषय तिथंच मिटला. भाकरी मला अजून नीट येत नाही.

तर मी डोळे उघडे ठेवून बसते आणि त्यांच्याकडे बघते. डोळे मिटलेला माणूस बघायला मिळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे. राकेशचा चेहरा प्रार्थनेत भुकेलेला असतो, दुसरं काही नसतं. आईंचं तसं नाही. दिवसभर त्यांच्या कपाळावर एक आठी असते, ती पहिल्या 'देवबापा'ला जाते. आवाज खाली येतो. अंगणात खाटेवर बसलेल्या वडिलांशी बोलावं तसं त्या बोलतात, गॅसचा सिलिंडर, सोसायटीचं पाणी, ललिताचा दमा, काहीही. एकदा, अगदी सुरुवातीला, मी त्यांना विचारलं होतं की प्रार्थना करायची कशी, म्हणजे त्याला काही नियम असतील ना. त्या भाजी परतत होत्या. 'तोंड उघडायचं,' त्या म्हणाल्या. 'आत जे असंल ते बाहेर येतं. नीट बोलायचं काय कारण न्हाई. त्याला आपली भाषा येते.' मला ते फारच सैल वाटलं. माझं कामच सॉफ्टवेअर तपासायचं. आमच्याकडे तक्रार लिहायची तर काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, असं तिन्ही लिहावं लागतं, नाहीतर समोरचा हात लावत नाही. ह्या हिशोबानं माझ्या नावची तक्रार नऊ वर्षं रोज त्याच शब्दांत जात होती आणि समोरून काहीच येत नव्हतं. आमच्या ऑफिसात कुणीतरी ती केव्हाच बंद करून टाकली असती. पण आईंचा हिशोब वेगळा होता. माझे सासरे खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. तेव्हा हे सगळे तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचे. रोज सकाळी सासरे निघाले की आई दारात उभं राहून मागायच्या, माणूस दोन हातांनी घरी येऊ दे. आणि तो माणूस तीस वर्षं रोज दोन हातांनी घरी आला. असं एकदा झालं की मग माणसाला थांबवणं कठीण.

बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. क्लायंटचा कॉल होता, तो दुसऱ्या मुलीच्या गळ्यात मारला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये मी स्वतःलाच समजावत होते की म्हातारं माणूस आहे, विसरलं असेल. सत्तरी आली. परवा त्यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. खडकी बाजारापाशी बस अडकली तेव्हा मी चक्क मनात म्हटलं, विसरल्या असू देत. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. माझं नाव गाळण्यापेक्षा त्यांची आठवण जाणं मला परवडत होतं. आठ वाजता मी कान देऊन ऐकलं. आजारी माणसांतलं एकही नाव चुकलं नाही. चर्च सोडून गेलेल्या गुडघेवाल्या बाईंच्या जागी यादीत आलेल्या नव्या गुडघेवाल्या बाई, सगळं बरोबर. ललिताचा दमा, दम्याच्या नव्या गोळीच्या नावासकट. राकेश, मोटारसायकल. मग तेच, जराशी थांबणं, आणि राज्यकर्ते. गुरुवारीही तेच. म्हणजे आठवण शाबूत होती. म्हणजे मला मुद्दाम गाळलं होतं.

गुरुवारी जेवण झाल्यावर गॅलरीत मी राकेशला विचारलं, 'तू आईंना सांगितलंस का?' हे विचारायला कारण होतं. फेब्रुवारीत लेकरासाठीचा आमचा तिसरा प्रयत्न फुकट गेला होता. क्लिनिकच्या बाहेर गाडीजवळ उभं राहून राकेश म्हणाला होता, 'पूर्णिमा, बास आता.' मी हो म्हटलं होतं, इतक्या पटकन की आम्ही दोघंही दचकलो. घरी सांगायचं काम त्याच्याकडे होतं. 'नाही अजून,' तो म्हणाला. 'सांगतो ना. संधी मिळाली पाहिजे.' सहा महिने त्याला संधी मिळत नव्हती, आणि तेवढे दिवस त्याची आई रोज संध्याकाळी जे मागत होती ते आम्ही केव्हाच परत केलं होतं. त्याला तरी काय बोलायचं? तो चांगला माणूस आहे, फक्त त्याला आईच्या डोळ्यांत पाणी बघवत नाही, म्हणून तो तिला काहीच सांगत नाही.

तर राकेशनं सांगितलं नव्हतं आणि आई विसरल्या नव्हत्या. मग एकच उरत होतं. त्यांनी आशा सोडली होती. शुक्रवारी दिवसभर हे माझ्या छातीवर बसून होतं. मी स्वतः थांबले होते, माझ्या राजीखुशीनं. क्लिनिकची फाईल मी माळ्यावर टाकली होती. मग ह्या बाईनं माझ्यासाठी मागायचं थांबवलं तर मला एवढं का लागावं? ऑफिसच्या बाथरूममध्ये तोंड धुताना मला कळलं की रोज आठ वाजता ह्या जगात कुठेतरी माझं नाव मोठ्यानं उच्चारलं जातं, ह्याची मला सवय झाली होती. ज्याच्यापुढे उच्चारलं जातं तो आहे की नाही हा प्रश्न वेगळा. उच्चारणारी होती. मला राग यायचा, बोटं आवळायची, पण दिवसभराच्या धबडग्यात मी जिथे असेन तिथून त्या एका वाक्यासाठी घरी यायचे. आता माझं नाव घेणारं कुणी नव्हतं. आण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. आणि विचारायचं तरी कसं? 'माझं नाव का घेत नाही' असं विचारलं म्हणजे ते मला हवं होतं असं कबूल करणं आलं. नऊ वर्षं कपाळाला आठ्या घालून बसलेल्या बाईनं हे कोणत्या तोंडानं विचारावं?

रविवारी चर्चहून आल्यावर जेवणं झाली. राकेश आत जाऊन आडवा झाला. आई टेबलावर कागद पसरून मेथी निवडत बसल्या. मी भांडी आवरली, पुसलेला ओटा परत पुसला, आणि शेवटी येऊन समोर बसले. एक जुडी माझ्याकडे ओढली.

'आई,' मी म्हटलं, 'मंगळवारपासून तुम्ही माझं नाव घेत नाही.'

त्यांचा हात थांबला नाही. 'तुझ्या ध्यानात आलं?'

'नऊ वर्षं ऐकतेय. ध्यानात नाही येणार?'

'मला वाटलं तुला बरं वाटंल.'

मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी पटकन जे सांगायचं राहिलं होतं तेच सांगून टाकलं. की आम्ही थांबलोय. फेब्रुवारीपासून. आता पुन्हा डॉक्टर नाही, इंजेक्शनं नाहीत, राकेश सांगणार होता पण त्याच्यानं झालं नाही. आईंनी मेथीची एक काडी हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. 'बरं केलं,' त्या म्हणाल्या. 'तुझा दंड बघवत नव्हता मला. काळानिळा.' मग जरा वेळानं, 'सहा महिने झाले व्हय. आणि मी आपली मागतेय.'

'पण हे तुम्हाला माहीत नव्हतं. मग मंगळवारी का सोडलंत?'

'सोमवारी मला ठसका लागला होता, आठवतंय?'

'मी पाणी दिलं की.'

'पाणी दिलंस त्याच्या आधी. तुझं नाव घेतलं, पदरात म्हणेपर्यंत श्वास अडकला आणि माझे डोळे उघडले. तू समोर बसलेलीस. माझ्याकडं बघत होतीस.' त्यांनी काडी खाली ठेवली. 'शाळेत छडी खायला पोरी हात पुढं करून उभ्या राहतात ना, तसं तोंड होतं तुझं. रडायचं न्हाई, पळायचं न्हाई, नुसतं कधी बसतीय ह्याची वाट बघायची. मला वाटलं, हे रोजचंच का काय? मी डोळे मिटून मागते तेव्हा हिचं रोज असंच होतं?'

मी माझ्या जुडीचा दोरा सोडला.

'इतकी वर्षं मागतेय गं मी लोकांसाठी,' आई म्हणाल्या. 'ज्याच्यासाठी मागते त्याचं तोंड कधी बघितलंच न्हाई. डोळे मिटायचे म्हणजे देवाकडं ध्यान राहतं, असं शिकवलेलं. मंगळवारी तुझं नाव आलं आणि तोंडच उघडंना. तेव्हापासून तिथं नुसती गप बसते. त्याला कळत असंल तर कळू दे.'

म्हणजे मला गाळलं नव्हतं. ते जराशी थांबणं म्हणजे मीच होते. मी मान खाली घालून मेथीची पानं खुडत राहिले आणि काड्या भाजीत, पानं कचऱ्यात अशी टाकत राहिले. आईंनी ते बघितलं आणि माझ्या हातातून जुडी काढून घेतली. 'तुला काय मागू, तूच सांग,' त्या म्हणाल्या. 'हे मी तुला आधीच विचारायला पाहिजे होतं. तुला काय पाहिजे?'

साधा प्रश्न. क्लिनिकमध्ये शंभर फॉर्म भरले, कुणी हे विचारलं नव्हतं. मीही मला विचारलं नव्हतं. मी शोधायला गेले तर आत सगळीकडे दुसऱ्यांनी ठेवलेलं सामान. प्रमोशन मॅनेजरनं ठेवलेलं, मोठा फ्लॅट राकेशनं, लेकराचं तर विचारूच नका, ते इतक्या जणांनी इतक्यांदा ठेवलं होतं की त्यात माझं किती होतं ते मला आता सांगता आलं नसतं. होतं, माझंही होतं. पण त्या क्षणी मला जे हवं होतं ते त्याहून फार लहान होतं.

'झोप,' मी म्हटलं. 'मला झोप लागत नाही, आई. फेब्रुवारीपासून. पडते नुसती.'

'बाई गं,' आई म्हणाल्या. 'आणि रोज उठून पाचची बस धरतीस?'

'सातची.'

'सातची.' त्यांनी हात पदराला पुसले. 'आत्ताच मागते. आठ वाजेपर्यंत कशाला थांबायचं?' आणि त्यांनी खरंच तिथंच, मेथीच्या ढिगाऱ्यासमोर, डोळे मिटले. मग काय वाटलं कोण जाणे, उघडले आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, 'देवबापा, पूर्णिमाला झोप दे. आज रातच्याला दे. आमेन.' एवढंच. माझ्या पायांची बोटं सरळ होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला ते मागणं माझं वाटलं.

मी डोळे पुसले, नाक पुसलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या बाईनं इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. ललिताचा दमा, राकेशची मोटारसायकल, सगळ्या गावाचे गुडघे. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, ते नाहीत.

'आणि तुमच्यासाठी कोण मागतं?' मी विचारलं.

'माझ्यासाठी काय मागायचंय.'

'सांगा. मी मागते.'

'तुला कुठं येतं?'

'तोंड उघडायचं, तुम्हीच म्हणाला होतात.'

आई हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर मॅच चालू होती, कुणीतरी आउट झालं. 'तुला राग येईल,' त्या म्हणाल्या.

'येऊ दे.'

'ते लेकरू मीच मागत होते, पूर्णिमा. माझ्यासाठी.' त्या टेबलाकडे बघत बोलत होत्या. 'ह्यांच्या मागं घर खायला उठतं. तुम्ही दोघं सातला जाता ते आठला येता. दुपारी मी ह्या खोलीतून त्या खोलीत जाते आणि परत येते. वाटायचं, एखादं पोर असतं तर त्याच्या मागं पळाले असते. आजी म्हणालं असतं मला. स्वतःसाठी मागायची लाज वाटायची, इतकं दिलंय त्यानं, अजून काय मागायचं. म्हणून तुझ्या नावावर घालायची. तुझ्या दुःखाच्या आड लपून मी माझं मागत होते गं, रोज, सगळ्यांसमोर. तुझं तोंड बघितलं तेव्हा मला कळलं.'

राग यायला हवा होता. मी वाटही बघितली. पण समोर एक म्हातारी बाई होती, तिला दुपारी बोलायला कुणी नव्हतं, आणि हे सांगायला तिला नऊ वर्षं लागली होती. आणि त्या नऊ वर्षांत मीही तिला कधी विचारलं नव्हतं. मी उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला त्यांचं तोंड बघायचं होतं. आण्णा असते तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता. मी कुणाला सांगत होते ते मला माहीत नव्हतं, पण कुणाबद्दल सांगायचं ते माहीत होतं. त्यांचा हात हातात घेतला, त्याला मेथीचा वास येत होता.

'आईंना नातवंड हवं होतं,' मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. 'फार हवं होतं. दुपारी घरात कुणीतरी हवं होतं. आजी म्हणून हाक ऐकायची होती. ते त्यांना मिळालं नाही, आणि त्याचं दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी ते त्यांना देऊ शकले नाही आणि माझ्यामुळे...'

'थांब,' आई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते आणि गाल ओले होते. माझ्या हातावरची त्यांची पकड घट्ट झाली. 'तुला काढ त्यातून. आणि पहिल्यापासून म्हण.'

मी पहिल्यापासून म्हटलं.